समुद्राकडे पाठ

कोल्हापूर, १२ डिसेंबर

प्रिय शांभवी,

इतके महिने लिहिलं नाही, त्याची माफी मागते. कारणं शोधायला बसले तर सापडतील, पण ती मलाच पटणार नाहीत. अव्वा गेल्याचं मी तुला सगळं उरकल्यावर कळवलं, तेव्हा तू म्हणालीस, "आता फोन करू नकोस, अक्का." मी ते पाळलं. तुझा मान राखायला पाळलं की पाळणं सोपं होतं म्हणून, हे मी रोजनिशीत अनेकदा लिहून खोडलं आहे. पत्र लिहू नकोस असं तू म्हणाली नव्हतीस. तेवढ्या फटीतून आज हात आत घालते आहे.

नाताळच्या सुट्टीत आम्ही मालवणला येतोय. मी, विश्वजित, मोना आणि आप्पा.

आप्पांचं नाव वाचून तू कागद खाली ठेवला असशील. पुन्हा उचललास तर पुढचं वाच. मागच्या रविवारी मी गडहिंग्लजला गेले होते. आप्पा सोप्यात बसले होते. चहा पिता पिता एकदम म्हणाले, "समुद्र बघून यावा म्हणतो एकदा." अव्वा जन्मभर हेच म्हणत होती. तिला ते दर वेळी सांगायचे, "पाणी ते पाणी. हिरण्यकेशीत न्हाय व्हय पाणी?" आजऱ्यावरून आंबोली उतरलं की कोकण, इतक्या जवळचा समुद्र तिनं बघितला नाही. मी गणपतीपुळे म्हटलं, वेंगुर्ला म्हटलं, रत्नागिरी म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालवणात काय काय बघण्यासारखं असतंय?"

त्या प्रश्नात तू होतीस की नव्हतीस, मला कळलं नाही. तू सगुणशी लग्न करून मालवणात दांडीच्या किनाऱ्यावरच्या त्या घरी गेलीस, तेव्हापासून आपल्या घरात मालवण हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. टीव्हीवर मालवणी मसाल्याची जाहिरात लागली तरी अव्वा आवाज बारीक करायची. गावातल्या पोरांच्या गळ्यात इष्टलिंग बांधायचं काम आपल्या घराण्याकडं, जंगमाचं घर, आणि त्या घरातली मुलगी मासेमाराच्या घरात. लोक काय काय बोलले. आप्पा मात्र काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त तुझं नाव घ्यायचं थांबवलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं, असं अव्वा म्हणायची.

तर विचारते ते एवढंच, की घरच्या माणसांना घेऊन आलं तर तिथं काय काय करावं? मोनाला पाण्याखाली जाऊन मासे बघायचेत. विश्वजितना मासे खायचेत, पण सासऱ्यांच्या समोर नाही. आप्पांना काय हवंय ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांचे गुडघे दुखतात, साखरेच्या गोळ्या चालू आहेत. किल्ल्याच्या होडीत त्यांना चढता येईल का?

तुला भेटायचं म्हणून विचारत नाही, असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं. भेटायचं म्हणून विचारते असं लिहिलं तर तू उत्तर देणार नाहीस. म्हणून दोन्ही लिहून ठेवते.

आणखी एक राहिलं. शिवरात्र झाली की अव्वा माझ्याकडं एक पुडकं द्यायची. आप्पांनी घरी केलेल्या विभूतीचे दोन गोळे. मी ते कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटीच्या पार्सलनं तुला पाठवायची, पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घालून. आप्पांच्या नकळत चाललेलं आपल्या तिघींचं काम. यंदाच्या शिवरात्रीला अव्वा नव्हती, आणि आप्पांकडं विभूती मागायची कशी हे मला सुचलं नाही. तुझ्याकडची सरत आली असेल.

तुझी अक्का

कोल्हापूर, २१ डिसेंबर

प्रिय शांभवी,

तुझं पाकीट आलं. आत 'प्रिय' नव्हतं, 'अक्का' नव्हतं, शेवटी सही पण नव्हती. पण पान दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. मी ते ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाआड उभी राहून वाचलं. माझ्या नोकरीचा एवढा एक फायदा.

तू लिहिलंस, किल्ल्यावर सकाळच्या पहिल्या होडीनं जा, ऊन चढलं की म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या जड जातात. आप्पांना होडीत मधल्या फळीवर बसवा. मोनाला भरल्या पोटी पाण्याखाली पाठवू नका. संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव बघण्यासारखा असतो, पण आप्पांना वारा येतो त्या बाजूला उभं करा, म्हणजे वास त्यांच्याकडं जाणार नाही. कांदा-लसूण न घालता करून देणारी खाणावळ भरड नाक्यावर आहे, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. परत जाताना खाजा घ्या, आलं घातलेला, तो आप्पांना आवडेल. तू 'या' असं कुठंही लिहिलेलं नाहीस. पण आप्पा प्रत्येक ओळीत आहेत.

आणि शेवटी वेगळ्या शाईत लिहिलेलं ते वाक्य. सगुणच्या आई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात म्हणून तू ते त्यांच्याच बोलीत लिहिलंस: "दर्याक पाठ दाखवची नाय." खाली तू म्हटलंस, लाट सांगून येत नाही, हे आप्पांना नक्की सांग.

रात्री जेवताना मी ते सगळं वाचून दाखवलं, माझ्या अक्षरात उतरवून घेऊन. विश्वजित म्हणाले, "इंटरनेटवर आता काय पण मिळतंय." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मग आप्पांना फोन लावून वाचलं; इंटरनेटवरचं आहे, हे मागून विश्वजितनीच सांगितलं. पाण्याखालचं ऐकून ते म्हणाले, "पैसं देऊन पाण्यात बुडायचं आणि मासे बघायचं? वर बाजारात फुकट दिसत्यात की." मोना हसून लोळली. मग आप्पांनी विचारलं, "वारा येतोय त्या अंगाला हुबं ऱ्हायचं, हे बी फोनवर लिव्हलंय?"

मी हो म्हटलं.

त्यामुळं ते शेवटचं वाक्य मी वाचलं नाही. बाकीचं कुणीही लिहिलेलं असू शकतं. त्या वाक्यात मात्र एक माणूस बोलत होतं. आप्पांनी विचारलं असतं, हे कुणी सांगितलं? आणि मला तुझं नाव घ्यावं लागलं असतं. तिथं गेल्यावर त्यांच्या शेजारीच उभी राहीन, मग सांगायची गरजच काय, असं मी स्वतःला समजावलं.

रोजनिशीच्या शेवटी उद्याचं एकच काम लिहायची सवय मी कॉलेजपासून सोडलेली नाही, तू चेष्टा करायचीस. आज लिहिलंय: खाणावळीला फोन.

अक्का

मालवण, २५ डिसेंबर, संध्याकाळ

शांभवी,

लॉजच्या गॅलरीत बसून लिहिते आहे. समोर दोन घरांच्या मधून चिंचोळा समुद्र दिसतो. तुझं घर इथून किती लांब, हे मी कुणाला विचारलेलं नाही. आप्पांनी विचारलं.

सांगते. काल दुपारी पोचलो. लॉजचे मालक आप्पांना म्हणाले, "मालवणात येऊन व्हेज? मग आलात कशाला?" आप्पा म्हणाले, "आमच्याकडं येऊन तांबडा रस्सा नगं म्हणणारं बी असत्यात की पावणं. त्यास्नी आम्ही हाकलून देत न्हाय." तेव्हापासून दोघांचं जमलंय.

आज पहिल्या होडीनं किल्ल्यावर गेलो. होडीवाल्यानं आप्पांना कडेला बसा म्हटलं, तर ते म्हणाले, मधल्या फळीवरच बसणार, तसं सांगितलंय. कुणी सांगितलंय, हे होडीवाल्यानं विचारलं नाही आणि मी खाली बघत राहिले. किल्ल्यावर गोड्या पाण्याच्या विहिरी बघून त्यांना फार नवल वाटलं. ओंजळीनं पाणी प्यायले. चारी बाजूंनी खारं आणि मधे हे गोडं कसं ऱ्हातंय, असं दोनदा म्हणाले. तुझ्या अव्वाला आवडलं असतं, असंही. 'तुझ्या' म्हणाले तेव्हा ते माझ्याकडं बघत नव्हते.

संध्याकाळी बंदरावर लिलाव. मी त्यांना वाऱ्याच्या बाजूला उभं केलं. टोपल्यांवर वाकलेल्या बायका, मोठमोठ्यानं बोली चाललेली, मोना फोटो काढत होती, विश्वजित सुरमईकडं बघून गिळत होते. आप्पा माशांकडं बघतच नव्हते. ते एकेका बाईचा चेहरा बघत होते. सावकाश, एकीचा झाला की दुसरीचा. तू त्यांच्यात नव्हतीस. मला हायसं वाटलं, आणि त्याची लगेच लाज वाटली.

परत आल्यावर त्यांनी मालकांना विचारलं, "दांडी कुठल्या अंगाला आलं?" मालकांनी हात केला. आप्पा त्या बाजूला थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चला, दिवा लावायची येळ झाली."

आता तू सांग, याचा अर्थ मी काय लावायचा? त्यांना तुला भेटायचंय, की तू कुठल्या दिशेला आहेस एवढंच माहीत करून घ्यायचंय? मी सरळ विचारू शकते. त्यांनी 'न्हाय' म्हटलं तर तो शब्द कायमचा होईल, म्हणून विचारत नाही. ही काळजी आहे की भित्रेपणा, ते तू ठरव.

उद्या सकाळी तारकर्लीला जातोय. आप्पांना समुद्राच्या पाण्यानं लिंगाला अभिषेक करायचाय, नदीच्या घाटावर करतात तसा. हे पत्र इथून टाकायचं म्हणजे शेजारच्या घरी टपालानं निरोप धाडण्यासारखं आहे. कोल्हापूरहून टाकीन.

अक्का

कोल्हापूर, ३० डिसेंबर

शांभवी,

मालवणचं पत्र याच पाकिटात घातलंय. ते वाचून झालं असेल तर आता हे.

तुझ्या दारात उभं राहून मी तुला खोटं सांगितलं. पण ते शेवटी. आधी, जे तू बघितलं नाहीस ते.

आप्पा तारकर्लीला गुडघाभर पाण्यात उतरले. सकाळचं कोवळं ऊन होतं, समुद्र इतका शांत की मोना म्हणाली, आपल्या रंकाळ्यासारखा आहे. आप्पांनी गळ्यातल्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि पूर्वेकडं तोंड केलं. आयुष्यभर नदीत उभं राहून त्यांनी हेच केलंय. नदीत कुठंही तोंड केलं तरी पाणी आपल्या वाटेनं जात असतं. इथं पूर्वेकडं तोंड केलं म्हणजे समोर वाळू, माड आणि आम्ही; समुद्र सगळा पाठीला.

मला ते दिसलं. तुझं वाक्य आठवलं. मी तोंड उघडलं होतं हे नक्की, पण ते लाटेच्या आधी की नंतर, हे मी चार दिवस आठवतेय. आधी असेल तर मी गप्प का राहिले, हा प्रश्न. नंतर असेल तर आधी काय करत होते, हा.

लाट फार मोठी नव्हती. त्यांच्या पाठीवर आली आणि ते गुडघ्यांवर बसले. विश्वजितनी धावत जाऊन उठवलं. कुठं लागलं नव्हतं. डावा तळहात तसाच धरलेला होता, वाटीसारखा. त्यात पाणी होतं, लिंग नव्हतं.

आम्ही वाळू चाळली. पाण्याखाली नेणारी मुलं आली, त्यांनी बुड्या मारल्या. सगळे 'आजोबा, सापडेल, सापडेल' म्हणत होते. आप्पा वाळूत बसून होते. मोनानं पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी नुसता हात आडवा धरला. मोनाला वाटलं ते रागावले. तिला मी पहिल्यांदाच सांगितलं, की आपल्या घरात गळ्यात लिंग नसताना अन्न-पाणी घ्यायचं नाही असा नेम आहे. ती म्हणाली, "मग तू कसं जेवतेस?"

लॉजवर दुपार झाली. ओठ कोरडे पडले, हात थरथरायला लागले. विश्वजित म्हणाले, दवाखान्यात नेऊन सलाईन लावू. आप्पा म्हणाले, "शुद्धीवर हाय तवर न्हाय. बेशुद्ध झाल्यावर तुमची मर्जी." शेवटी मी गडहिंग्लजजवळच्या आपल्या मठात फोन लावला. स्वामीजी बाहेरगावी, दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते, पण फोनवर मिळाले. म्हणाले, उद्या घेऊन या, नवं लिंग देतो. तोवर कुणाही लिंगवंताच्या पूजेचं तीर्थ घेतलं तर अन्न-पाणी घ्यायला माझी परवानगी आहे. तिथं जवळ कुणी लिंगवंत असेलच.

फोन स्पीकरवर होता. आप्पांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. माझं लिंग कोल्हापुरात कपाटात आहे, लग्नातल्या शालूच्या घडीत. विश्वजितचं त्यांच्या आईकडं. आप्पांनी नजर लगेच काढून घेतली, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणून मी रिक्षा करून तुझ्याकडं आले. तुझ्याकडं असेल याची मला खात्री नव्हती, शांभवी. विभूती इतकी वर्षं पाठवली, पण तू तिचं काय करतेस हे मी कधी विचारलं नव्हतं. तू दार उघडलंस आणि ब्लाउजच्या गळ्यापाशी मला तो दोरा दिसला. टाकलेल्या मुलीच्या गळ्यात आणि जवळ ठेवलेल्या मुलीच्या कपाटात.

तू पुन्हा आंघोळ करून, लिंगाला विभूती लावून पूजेला बसलीस, तेव्हा सगुणच्या आईंनी न सांगता माशांची टोपली उचलून अंगणात नेली. त्यांच्या त्या सहजपणावरून कळलं, की हे रोजचं आहे. मी भिंतीला टेकून उभी होते. आमच्या घरात इतकी वर्षं कुणी तुझी अशी कल्पना केली नव्हती. आम्ही वाईट तेवढंच कल्पत आलो.

तीर्थाचा गडू हातात देताना तू एकच अट घातलीस. "माझं नाव सांगून द्यायचं असेल तर ने. फसवून नको." मी म्हटलं, तूच चल. तू म्हणालीस, "मी समोर असले आणि त्यांनी घेतलं नाही तर? मला ते बघायचं नाही."

मी लॉजवर आले. आप्पा उशीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "कुणाकडनं आणलंस?"

मी म्हटलं, "इथं एक बाई आहे लिंगवंत. रोज पूजा करते."

"कुठली?"

"आपल्याच भागातली."

एवढंच. मला वाटलं, नाव घेतलं आणि त्यांनी गडू बाजूला सारला तर? मी स्वतःला सांगितलं की हा जीव वाचवण्याचा प्रश्न आहे. तो तसा होताच. पण मला कशाची भीती जास्त होती, त्यांच्या जिवाची की त्या क्षणाची, हे मी तुला शपथेवर सांगू शकत नाही.

त्यांनी तीर्थ तळहातावर घेतलं. लगेच प्यायले नाहीत, हात नाकापाशी धरून थांबले. मग प्यायले. तीनदा घेतलं, रीतीप्रमाणं. ओला हात डोळ्यांना लावला, डोक्यावरून फिरवला. मग भात-दूध खाल्लं, तांब्याभर पाणी प्यायले. मी गडू परत द्यायला निघाले तेव्हा म्हणाले, "गडू रिकामा परत देऊ नगंस." आणि पिशवीतून, साखर उतरली तर असावी म्हणून ठेवलेली खडीसाखर काढून स्वतःच्या हातानं त्यात घातली.

मी गडू परत आणून दिला तेव्हा तू विचारलंस, "सांगितलंस?" मी होकारार्थी मान हलवली. तू गडूत बघितलंस आणि खडीसाखर मुठीत धरलीस. ती मी घातली असं तुला वाटलं असेल किंवा नसेल. ती आप्पांनी घातली होती. पण कुणासाठी घातली हे त्यांना मी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठात नवं लिंग मिळालं. आप्पा बरे आहेत. तुला दिलेला शब्द मी मोडला. आप्पांना सांगेपर्यंत तो मोडलेलाच राहणार. पुढच्या रविवारी गडहिंग्लजला जाते आहे. तू या पत्राला उत्तर देऊ नयेस हेच बरोबर.

अक्का

कोल्हापूर, ५ जानेवारी

प्रिय शांभवी,

काल गेले होते. घडलं तसं लिहिते. माझ्या मनाचं त्यात घालणार नाही, घातलंच तर वेगळं कळेल असं लिहीन.

आप्पा परड्यात होते. शिवरात्रीच्या विभूतीसाठी शेणी वाळत घातल्या होत्या, एकेक उलटत होते. खाली बसता येत नाही म्हणून काठीनं. मी पदर खोचून उलटायला लागले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, मालवणचं तीर्थ शांभवीनं दिलं होतं."

त्यांनी काठी थांबवली नाही. म्हणाले, "वाळा दुसरं कोण घालतंय इभूतीत?"

मला कळलं नाही. ते म्हणाले, "मी घालतोय. माझ्या बापानं घातला, मी घालतोय. बाजारच्या इभूतीला वास नसतोय. तळव्यावर पाणी घेतलं आणि वाळ्याचा वास आला. मला काय माझी इभूती वळखू येत न्हाय व्हय?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. पिण्याच्या आधी कळलं होतं, आणि मग त्यांनी ते तीनदा घेतलं.

मी विचारलं, तिच्याकडं विभूती कशी गेली हे तुम्ही विचारलं नाहीत? त्यावर ते जरा हसले. "तुझी अव्वा दोन गोळं काढायची दरसाल. मी दोन जादा करायचो."

शांभवी, आपल्या तिघींचं ते गुपित चौघांचं होतं. अव्वाला हे माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. ती त्यांच्या पाठीमागं डबा उघडायची आणि ते तिच्यासाठी पाठ करून बसायचे, इतकी वर्षं, एका घरात. हे माझ्या मनाचं आहे.

मी त्यांना तेही सांगितलं, की तू आधीच कळवलं होतंस. सगुणच्या आईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मधल्या फळीचं, वाऱ्याचं, आल्याच्या खाज्याचं, सगळं तुझं होतं म्हणून सांगितलं.

"मग त्ये एकच का सांगितलं न्हाईस?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं म्हणून तुम्ही विचारलं असतं."

"इचारलं असतं," ते म्हणाले. "मग? नाव सांगायचं हुतंस की."

एवढं सोपं. जे नाव घ्यायला भिऊन मी वर्षानुवर्षं गप्प बसले होते, ते घेणं एवढं सोपं. ते एकदा तरी म्हणाले होते का तुझं नाव घेऊ नका? मी परतीच्या एसटीत सगळं आठवून बघितलं. त्यांनी नाव घेणं थांबवलं होतं. आम्ही त्यावरून कायदा केला. पण मी त्यांना मोकळंही सोडत नाही, शांभवी. त्यांनी पण ते थांबवायला नको होतं. आणि हे त्यांना तिथंच विचारलं. म्हटलं, "तुम्ही का नाही घेतलंत नाव? अव्वाला समुद्र बघायचा होता."

सगळ्या शेणी उलटून झाल्या. मग म्हणाले, "पयल्या साली राग हुता. नंतर, पयल्यांदा कुणी घ्यायचं, ह्याच्यात गेलं."

आत जाऊन त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढायला सांगितला. आत एक पुडकं होतं, वर्तमानपत्रात बांधलेलं, दोऱ्याला गाठ मारलेली. मागच्या शिवरात्रीचे दोन गोळे. अव्वा नसताना पण त्यांनी दोन जादा केले होते. "तू न्हेशील म्हणून ठिवलं हुतं. आलीस, च्या पिऊन गेलीस. परत आलीस, परत गेलीस." ते तक्रार करत नव्हते, सांगत होते. "तिच्याकडची जुनी झालीया. वास निम्मा ऱ्हायलाय. पूजा सोडली न्हाई पोरीनं, तर इभूती तरी ताजी असावी."

तुला बोलावू का, असं मी विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही. "आधी हे जाऊ दे," म्हणाले. त्याचा अर्थ मी लावणार नाही. तू लावशील तो खरा. तू रागावून पुडकं परत पाठवलंस तरी तो तुझा हक्क आहे, आणि माझ्यावरचा राग तर वेगळाच, तो यात मिटवू नकोस.

मी निघाले तेव्हा ते चपला घालून दारापर्यंत आले. पुडकं माझ्या पिशवीत नीट बसवलं, वर माझी शाल दाबली. मग विचारलं, "पार्सलवर पाठवणाराचं नाव लिवाय लागतंय न्हवं?"

मी म्हटलं, "हो. दर वेळी माझंच घालते."

"ह्या खेपंला माझं घाल."

आज सुट्टी नव्हती, ग्रंथालयातून सुटेपर्यंत पार्सलची खिडकी बंद झाली होती. घरी येऊन कपाटातून शालू काढला, घडीतलं लिंग हातात घेतलं आणि परत ठेवलं. ते घालायचा हक्क मला आप्पांच्या एका नजरेनं मिळतो की जातो, हे ठरलेलं नाही. घाईनं ठरवणार नाही.

रोजनिशीतलं आजचं पान तुझ्यासाठी इथंच उतरवते:

उद्या: दुपारच्या सुट्टीत स्टँड. विभूतीचं पार्सल, मालवण, दांडी. घेणार शांभवी. पाठवणार रुद्रय्या.